मेलिथाला न ओळखता आलेले दोघे

ग्रीसच्या समुद्राकाठी फिरासा नावाचं गाव आहे. वेशीबाहेर ऑलिव्हच्या झाडांत मातीचा एक मोठा उंचवटा दिसतो. त्यावर ना नाव, ना खूण. खाली कोण पुरलंय असं पाहुण्यांनी विचारलं, की गावातली म्हातारी माणसं मेलिथाची गोष्ट सांगतात.

मेलिथा फिरासाच्या अल्किरोस राजाची मुलगी. शेजारच्या राज्याचा राजपुत्र दामास याच्याशी तिचं लग्न झालं. दोन महिने सासरी राहून ती माहेरी आली, आणि तेवढ्यात कुरणांच्या हद्दीवरून दोन्ही राज्यांत युद्ध पेटलं, असं सांगतात. वेशीबाहेर नवऱ्याचं सैन्य, आत वेस राखायला भाऊ फेरॉन. फेरॉन दहाव्या वर्षीच आजोळी गेलेला, तो या लढाईसाठी परतला होता. आल्यापासून त्याच्या अंगावरचं चिलखत उतरलं नव्हतं. मेलिथा रोज सकाळी देवीपुढे तेल घेऊन उभी राही. कोणासाठी मागावं तेच तिला उमगेना. भांडं तसंच भरलेलं घेऊन ती परत येई, म्हणे.

नवव्या दिवशी वेशीच्या बुरुजात दामास आणि फेरॉन एकमेकांना भिडले. लढता लढता जळतं छत दोघांवर कोसळलं. आग विझल्यावर दोन देह निघाले. चेहरे, केस, ढालींवरची चिन्हं, काही उरलं नव्हतं. बांधाही सारखाच.

राजाने हुकूम दिला की मुलाला चिता द्या आणि जावयाला कुत्र्यांपुढे टाका. पण मुलगा कोणता? मेलिथाला बोलावणं गेलं. बायको नवऱ्याला ओळखेल, बहीण भावाला ओळखेल, असंच सगळ्यांना वाटलं.

ती एकापाशी बसली, मग दुसऱ्यापाशी. पुन्हा पहिल्याकडे आली. भावाचा हात तिला आठवत होता, पण तो दहा वर्षांच्या पोराचा. नवऱ्याचा हात तर तिने लाजेपायी कधी नीट पाहिलाच नव्हता.

"बोट दाखव," राजा म्हणाला. "तुझा भाऊ कोणता?"

"मला कळत नाही, बाबा. दोघंही माझेच आहेत. तुम्हाला तुमचा ओळखू येत असेल तर उचला."

राजा वाकला. एकाच्या खांद्याखाली त्याने हात घातला आणि काढून घेतला. दुसऱ्याकडे वळला, तिथेही अडला. मग तो तसाच धुळीत बसला. कुत्री परत न्या, एवढंच म्हणाला.

एकच चिता रचली गेली. बाहेरच्या सैनिकांनी शस्त्रं ठेवून आपल्या राजपुत्रासाठी त्या राखेवर ओंजळीने माती टाकली, आतल्यांनी आपल्या. त्यातूनच हा उंचवटा एवढा झाला म्हणतात. मेलिथाने दुःख विधवेचं धरावं की बहिणीचं, हे तिला कुणी सांगू शकलं नाही. तिने दोन्ही धरली.

आजही वर्षातून एकदा फिरासाच्या सासुरवाशिणी माहेरी येतात आणि त्या मातीवर दूध नि मध ओततात. नाव कुणी घेत नाही. कोणासाठी, असं विचारलं तर त्या एवढंच म्हणतात, "घरच्यांसाठी."