मुका फड

बंधाऱ्यापासून निघालेला पाट दोन कोस हिरवळीतून जातो. आधी ऊस, मग कांदा, मग गहू. शेवटी मात्र एक उघडाबोडका पट्टा लागतो. पाट तिथवर खणलेला आहे, दगडी बांधही शाबूत आहेत, पण माती भेगाळलेली. पाटावर एकत्र भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्याला इथे फड म्हणतात, आणि ह्याला मुका फड. इथे पाणी का येत नाही, असं पाहुणे विचारतात. ऐंशी ओलांडलेले नथू पाटकरी याचं उत्तर उभ्या उभ्या देत नाहीत. पाहुण्यांना बांधावर बसवतात आणि भिवराबाईची हकीकत सांगतात.

पाटकरी म्हणजे पाण्याच्या पाळ्या लावणारा माणूस. त्या काळी म्हणे त्याला ना पाटील नेमायचा, ना सुभेदार. दर तीन वर्षांनी चैत्रात सगळे बंधाऱ्याजवळच्या ओट्यावर जमत. प्रत्येक घराचा नदीतला एक गोटा असे, त्यावर त्या घराची खूण कोरलेली. ज्याला पाटकरी करायचं, त्याच्यासमोर आपला गोटा ठेवायचा. गोटा म्हणजे घराचं मत.

शेवटच्या फडात छत्तीस घरं होती. त्यांतलं एक भिवराचं. नवरा गेला आणि घराचा गोटा तिच्या हाती आला. चैत्रात गव्हाची खळी चालू असत. दोन कोस तुडवायचे कोणी? वरच्या फडातला दगाजी भुसा न्यायला गाडी घेऊन येई.

"काम सोडून कशाला येता? द्या इकडं, मी ठेवतो तुमच्या नावानं," तो म्हणाला.

पस्तीस घरांनी गोटे गाडीत टाकले. भिवरा आपला गोटा पदरात बांधून चालत निघाली.

"भिवरे, तुझ्या एका गोट्यानं काय बंधारा फुटणार हाय?" खळ्यावरच्या बाया हसल्या.

"नाही फुटणार. पण माझा हाय, तर मीच ठेवीन."

पुढच्या निवडीला तेच झालं. तिसऱ्या वेळेनंतर दगाजीने गोटे परतच केले नाहीत. दरवेळी देण्याघेण्याची कटकट कशाला, राहू द्या माझ्याकडंच, असं तो म्हणाला. कोणाला काही वाटलं नाही. उलट एक काम कमी झालं.

ते गोटे दरवेळी वरच्या फडातल्याच माणसासमोर पडत. मग पाळ्या लांबल्या. आठव्या दिवशी येणारं पाणी पंधराव्या दिवशी येऊ लागलं, मग महिन्याने. एका साली ओंबीत दाणाच भरला नाही. त्या चैत्रात मळायला काही नव्हतंच. पस्तीसही घरं भिवराच्या मागून चालू लागली. ती सारखी वळून पाहत होती. इतकी माणसं आपल्यामागे तिने कधी पाहिली नव्हती. आज पाणी सुटणार, असं तिला वाटलं.

ओट्यावर दगाजी स्वतःच उमेदवार म्हणून बसला होता. शेजारी पस्तीस गोट्यांचा ढीग. लोकांनी ते मागितले, तेव्हा पंचांनी एवढंच विचारलं, "मागच्या तीन वेळा हे कोणाच्या हातानं ठेवले?"

खोटं बोलायची कोणाची छाती झाली नाही.

"मग वहिवाट दगाजीची. ज्याची वहिवाट, त्याचा हक्क."

"खुणा आमच्या घरांच्या हायेत," भिवरा म्हणाली.

"तुझा गोटा तू ठेव की. तुला कोणी अडवलंय?" दगाजी म्हणाला. "ह्यांच्यासाठी कशाला भांडतेस बाई? ह्यांना गरज असती, तर आधीच आले असते चालत."

बोलणं खोटं नव्हतं, तेच भिवराच्या जिव्हारी लागलं. दगाजीने पस्तीस गोटे स्वतःसमोर मांडले आणि निकाल त्यांच्यावरच लागला.

दोन वर्षांत शेवटचा फड रिकामा झाला. कोणी तापीकडे गेलं, कोणी वरच्यांच्या उसात मजुरीला. भिवरा हलली नाही. पुढच्या निवडीला ती ओट्यावर चढली आणि पस्तीस घरांची नावं पुकारू लागली. एक नाव घ्यायची, थांबायची, मग दुसरं. लोक तिला वेडी म्हणाले. मरेपर्यंत तिने हे सोडलं नाही, असं सांगतात.

ती गेली त्या वर्षी पाटाचं दार उघडलं, तर पाणी आत येईना. नदी भरलेली, दार उघडं, आणि पाणी उंबऱ्याशी भिंतीसारखं उभं. आठ दिवस लोटले. शेवटी वरच्या फडातल्या एका म्हाताऱ्याने ओट्यावरून ती पस्तीस नावं पुकारली, तेव्हा कुठे ते हललं. मधल्या फडापर्यंत आलं आणि थांबलं. पुढे मागणारं कोणी उरलंच नव्हतं.

"म्हणजे शेवटी न्याय झाला," एखादा पाहुणा म्हणतो.

"न्याय कसला, साहेब? दगाजी पाटकरी म्हणूनच मेला. खाटेवर, पोटभर जेवून."

आजही निवडीआधी ती पस्तीस नावं पुकारतात. मग नांदत्या घरांची. गेल्या चैत्रात मधल्या फडातल्या अकरा घरांकडून ओ आली नाही. त्यांचा कांदा निघत होता. नथूंनी ती अकरा नावं दुसऱ्यांदा पुकारली, थोडं थांबले, आणि रिवाजाप्रमाणे पुढचं नाव घेतलं.