शेजारणीचा हप्ता

एकदा एका गृहसंकुलात लिफ्टचं दार मिटता मिटता अर्धंच वाक्य बाहेर पडलं : "बँक बदलली, अन् घराचा हप्ता एकदम निम्म्यावर..." पुढचं लिफ्टबरोबर खाली गेलं. बोलणारी होती हेमलता. ऐकणारी तिच्या समोरच्या दारातली वैजयंती. आता शेजार म्हटला की कान उघडे राहणारच. पण त्या अर्ध्या वाक्याने तिच्या जिवाची जी आग झाली, ती काही केल्या शमेना. एकाच मजल्यावर, एकाच मापाचं घर, आणि हिचा हप्ता निम्मा? तरीच नवे पडदे आले!

नवऱ्याच्या मागे लागून तिने दुसऱ्या बँकेचा माणूस घरी बोलावला. त्याने हप्ता खरोखरच निम्म्याच्या जवळ आणून दाखवला. मात्र कर्जाची उरलेली सहा वर्षं पंधरा होत होती, आणि नवरा तर सात वर्षांत निवृत्त व्हायचा होता.

"तेव्हाचं तेव्हा बघू," वैजयंती म्हणाली. सोमवारी सह्या ठरल्या.

आदल्या दिवशी ती माईंकडे गेली. माई वयोवृद्ध, जन्मभर शिवणकाम शिकवलेल्या. वैजयंती त्यांची शिष्या. तिने सगळा वृत्तांत एका दमात सांगितला. माईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग वैजयंतीने स्वतःसाठी नुकताच शिवलेला ब्लाउज तिच्या पिशवीतून काढला आणि त्याची कडेची शिवण उसवायला घेतली.

"अहो माई, हे काय! अगदी मापात बसतोय तो मला."

"ठाऊक आहे. पण पलीकडच्या इमारतीतली एक बाई काल तिचा सैल करून घेऊन गेली. काय खुशीत होती! म्हटलं, तुझाही करावा."

"तिला घट्ट होत असेल. माझा कशाला?"

माईंचे हात थांबले. "हेच तुला विचारायचं होतं. शिवणीच्या आत आपण जास्तीचं कापड ठेवतो, माया सोडतो, ती अडचणीसाठी. अंग भरलं तर उसवावं, त्यात कमीपणा नाही. पण दुसरीचा सैल झाला म्हणून आपला उसवला, तर खऱ्या गरजेच्या वेळी आत काही उरत नाही. निवृत्तीनंतरची वर्षं ही तुमची राखलेली माया आहे, बाई. व्याज कमी होत असेल तर बँक जरूर बदल, पण वर्षं वाढवू नकोस. आणि हेमलताने का बदलली, विचारलंस तिला?"

"कशी विचारू? तिला वाटेल, मी जळते."

"जळतेसच की!" माई हसल्या. "तरी विचार."

संध्याकाळी वैजयंतीने समोरच्या घरी जाऊन विचारलंच. हेमलताने चहाचा कप पुढे केला आणि तिचा आवाज खाली आला. "निम्मा झाला, ते खरं आहे हो. पण ह्यांची नोकरी गेली ना. आता लागलेत तिथे पगार कमी. मुदत पार वीस वर्षांवर नेली, तेव्हा कुठे हप्ता झेपतोय. खरं सांगू? तुमचं लवकर फिटणार म्हणून तुमच्या दाराकडे बघून माझाच जीव जळतो."

वैजयंतीने कप खाली ठेवला. तिने हेमलताचा हात नुसता धरून ठेवला.

सोमवारी बँकेचा माणूस आला, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "वर्षं सहाच ठेवली तर?"

त्याने हिशेब केला. "खर्च वजा जाता थोडंसंच वाचेल, ताई."

"तेवढंच पुरे," ती म्हणाली.