चेअरमनसाहेबांची नथ

सराफाच्या पेढीत कारखान्याचे चेअरमन दौलतराव एका जागी बसायला तयार नव्हते. मुलीच्या लग्नात बायकोची नथ साऱ्या मांडवाला दिसली पाहिजे, एवढाच त्यांचा घोष. कॉम्प्युटरवर दागिन्यांचं डिझाइन करणारी ऋजुता माउस फिरवी, पडद्यावरची नथ फुगे, आणि साहेब येरझाऱ्या घालत म्हणत, "अजून मोठी!" शेजारी त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई नुसत्या नाकपुडी चोळत होत्या. ते ऋजुतानं हेरलं.

पुढच्या खेपेला तिनं सोन्याच्या नथीइतक्याच वजनाचा, नाक न टोचता लावायचा चापाचा नमुना पुढे केला. "साहेब, आमच्याकडे रीत आहे. ज्यानं माप सांगितलं, त्यानंच आधी घालून बघायचं." ही रीत तिनं तिथल्या तिथेच काढली होती.

साहेबांबरोबर आलेले कार्यकर्ते बघत होते. "त्यात काय एवढं!" म्हणत साहेबांनी चाप नाकाला लावला. तेवढ्यात चहा आला. कप ओठांना लागेना, नथच आधी चहात बुडे. वजनानं नाक ओढलं जाऊन डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"पडद्यावर तर झकास दिसत होती!" चाप ओढून काढत ते खेकसले.

"दिसणारच, साहेब. पडद्यावरच्या नथीला नाक कुठं असतं?"

इंदुमतीबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "सरक गं जरा. आता माप मी सांगते."