तिच्यासाठी काढलेला विषय

“पण मी कुठे कमी पडलो, गुरुजी?”

नीळकंठ गुरुजी टेबलावरची घंटा रुमालात गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दर वर्षी सांगलीच्या स्पर्धेला मी जातो. यंदा ती?”

‘ती’ म्हणजे स्वरूपा घोलप. नुकतीच वकिली सुरू केलेली. दसऱ्यानंतर वक्तृत्व मंडळात आली, तेव्हा स्वतःचं नाव सांगतानाही ती अडखळली होती. मंडळातून स्पर्धेला एकच वक्ता जातो. आज सभा संपताना गुरुजींनी तिचं नाव जाहीर केलं, टाळ्या झाल्या, आणि मकरंद पाटणकरच्या पोटात जे दुखायला लागलं ते सभागृह रिकामं झालं तरी थांबलं नव्हतं.

मकरंद विमा एजंट. शब्द त्याच्या तोंडात विड्यासारखा रंगायचा. गावात कुणाचाही सत्कार असो, माइक याच्याच हातात. मंडळातलं आयत्या वेळच्या भाषणांचं सत्रही तोच घ्यायचा. रीत साधी होती. सत्र घेणाऱ्याने विषय सांगायचा, मग आपल्या मनाने एक नाव पुकारायचं. नाव निघेपर्यंत सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसायचे. ज्याचं निघेल त्याने खुर्चीपासून टेबलापर्यंत चालताना काय सुचेल ते सुचू द्यायचं आणि गुरुजींची घंटा वाजेपर्यंत बोलायचं. सत्र घेणाऱ्याने मात्र स्वतः भाषण करायचं नाही. मकरंदला हे भारी जड जायचं.

“तुम्ही पक्षपात केलात,” तो बोलून गेला. बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द परत घेतला नाही.

गुरुजी खुर्चीत टेकले.

“आज विलासला काय विषय दिलास?”

“माझा आवडता सण.”

“काय बोलला तो?”

“दिवाळी.” मकरंदला हसू आलं. विलास त्याचा जिवलग दोस्त. “मागच्या वेळीही दिवाळीच बोलला होता.”

“हा विषय तुला सुचला कधी?”

“इथे येताना. जिन्यात.”

“आणि स्वरूपाचा?”

मकरंद पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसला.

‘गप्प बसण्याच्या बाजूने बोला,’ असा होता तो विषय. बोलायला शिकायला आलेल्या बाईला हा विषय! आता हिची बोलती बंद, अशी मकरंदची खात्री होती. स्वरूपा टेबलापाशी जाऊन नुसती उभी राहिली. मग तिने साक्षीच्या पिंजऱ्यातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. वकील त्याच्या अंगावर ओरडत राहिला, म्हातारा शांतपणे बघत राहिला, आणि शेवटी वकिलालाच स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. ओरडणारी ती वकील मीच, असं म्हणून ती खाली बसली. घंटा वाजवायचं गुरुजीसुद्धा विसरले होते.

“सुचला कधी?” गुरुजींनी पुन्हा विचारलं.

“मंगळवारी.”

“मग?”

“बुधवारी बदलला.”

“का रे?”

“आधीचा... तिला जमला असता.”

“आणि मग?”

“शुक्रवारी पुन्हा बदलला.”

मकरंदचे कान तापले. खरं सांगायचं तर दसऱ्यापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. पहिल्यांदा त्याने तिला ‘टाचणी’ हा विषय दिला होता. ती दोन वाक्यांत अडकली, डोळे पुसत जागेवर गेली, आणि त्या दिवशी मकरंद घरी दोन पोळ्या जास्त जेवला. पुढच्या खेपेला ‘कधीच न आलेला पाहुणा’. त्यातून ती कशीबशी पार पडली. मग आणखी अवघड, मग त्याहून अवघड. स्कूटरवर, गिऱ्हाइकाच्या दारात, जेवणाच्या ताटावर तो तिच्यासाठी विषय शोधायचा. हल्ली कुणाच्या विचारात असता, असं बायकोने विचारलं तेव्हा त्याला ठसका लागला होता.

“तिला कुणी शिकवलं, मकरंद?”

“तुम्ही.”

“मी नुसती घंटा वाजवतो.”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होईना.

मकरंदला कळायचं ते कळलं. पण कळलं म्हणून जळायचं थांबतं थोडंच? उलट ती आग आणखी आत गेली. तिला मीच घडवलं, आणि सांगलीला तीच जाणार!

“मला एक संधी द्या, गुरुजी. आत्ता. इथेच बोलतो.”

गुरुजींनी रुमाल सोडून घंटा पुन्हा टेबलावर ठेवली.

“बोल. मनापासून पटलं तर स्वरूपाला मी समजावीन. सांगलीला तू.”

तो उठला, शर्ट नीट केला.

“विषय?”

“सत्र तुझं आहे. तूच दे.”

मकरंद टेबलाकडे निघाला. नेहमीची ती चार पावलं आज त्याला फार लांब वाटली. मनात एकामागून एक विषय आले. एक असा आला की त्याचे पाय क्षणभर अडले. त्याने तो बाजूला सारला. मग दुसरा आला, ओळखीचा, बक्षिसं मिळवून दिलेला, कुठे आवाज खाली आणायचा आणि कुठे थांबायचं हे पाठ असलेला.

तो वळला. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून त्याने हात जोडले.

“माझा विषय आहे... माझी आई.”

गुरुजींनी डोळे मिटले.

“मित्रहो, या जगात देव सगळीकडे पोचू शकत नाही, म्हणून...”

टण्ण!

मकरंदचा हात हवेतच राहिला. “गुरुजी, मी तर आत्ता कुठे सुरुवात केली!”

गुरुजींनी घंटेवरचा हात उचलला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाईट वाटत होतं त्यांना.

“त्या पोरीसाठी दोनदा विषय बदललास, तिच्यावर एवढी माया केलीस...” ते म्हणाले. “मग स्वतःशीच एवढं वैर का रे?”