धोंडनाथ महाराजांनी धरलेला घोटा

खाडीकाठच्या कातळोशी गावात, माडांच्या सावलीतल्या एका साध्या मठीत धोंडनाथ महाराज राहत असत. खाडीच्या पलीकडे बोरवणवाडी. ओहोटी लागली की मधला पट्टा उघडा पडे आणि वाटेच्या खुणेसाठी रोवलेल्या मेढींच्या कडेकडेने माणसे चालत पार होत. मेढी सोडून जायचे नाही, आणि अमावास्येच्या उधाणाला तर उतरायचेच नाही, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक होते.

बोरवणवाडीची येसूबाई ही विधवा महाराजांची भक्त. खडकाला चिकटलेली कालवे काढताना घसरून तिचा उजवा घोटा मुरगळला होता, तो पुन्हा धड झालाच नाही. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की तिच्या डोळ्यांत पाणी येई. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवायचा, एरंडाचे पान गरम करून बांधायचे आणि कामाला लागायचे, हा रोजचा क्रम. महाराजांपाशी ती रडली, तेव्हा महाराज म्हणाले, "येसूबाय, दुखणं मला काढता येत नाही. तू असं कर, आधी पाऊल नुसतं टेकव. नाव घे. मग भार दे." तेव्हापासून ती तशीच चाले आणि रोज खाडी ओलांडून दर्शनाला येई.

तिच्या या चालीची सगळ्यात जास्त टिंगल करत ते हरबाराव खोत. पंचक्रोशीत आपल्याइतके झपाझप कोणी चालत नाही, हा त्यांचा तोरा. असतो एकेकाला कशाचा तरी गर्व, यांना पायांचा होता!

त्या दिवशी अमावास्या. दर्शनाचा नेम मोडायचा नाही म्हणून येसूबाई पहाटेच निघाली, पण घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. ऊन वर आले तरी ती अर्ध्या वाटेतच. मागून, आपल्या पायांपुढे उधाणाचीही पर्वा न करणारे हरबाराव आले.

"काय गो येसू, तुझा देव तुला नवा पाय देत नाय होय?"

"पाय हाय तोच बरा, खोतानू. पानी फिरलाय, बिगी जावा."

"मला शिकवतेस?" असे म्हणत, तिच्यामागे रखडायला नको म्हणून, शहाण्याने मेढी सोडल्या आणि आडवी वाट धरली. वीस पावलांवर चिखलाने त्यांना मांडीपर्यंत धरले. जोर करावा तितके खोल! आणि पाणी आले. आवाज न करता, चारी बाजूंनी.

"येसू! सोडून जाऊ नको गो!"

येसूबाई भीतीने गारठली. किनारा समोर दिसत होता. आता वळले तर आपणही बुडणार, हे तिला स्वच्छ कळत होते. तिने महाराजांना हाक मारली आणि ती वळली. पाऊल टेकवले, नाव घेतले. खाली मऊ लागले की पाय काढून घ्यायचा, कालवांचे टणक शिंपले लागले की भार द्यायचा. घाईच्या पायाला ते कधी कळले नसते. पाणी कमरेला लागले तेव्हा ती हरबारावांपाशी पोचली.

"आडवे व्हा. माजा पदर धरा. झटका मारू नका!"

एक पाय सुटला, दुसरा सुटला, आणि त्याच क्षणी तिचा घोटा कडकन वळला. ती कोसळली. खारे पाणी नाकातोंडात गेले. संपले सगळे! "महाराज!" एवढेच ती ओरडली.

आणि पाण्याखाली कोणीतरी तिचा घोटा दोन्ही तळव्यांत धरला. कळ होतीच, पण पाय वळेना.

"मी पाय काढीन तितंच तुमचा पाय," ती म्हणाली. पाणी छातीला आले, गळ्याला आले. पंचक्रोशीतले सगळ्यात वेगवान खोत तिच्या प्रत्येक नावासरशी एकच पाऊल टाकत होते. आणि नाव तेही घेत होते!

दोघे भिजलेले मठीत आले. महाराज देवासमोर बसले होते. शिष्य घाबरून सांगू लागला, "पूजा मध्येच सोडून महाराजांनी ताम्हनात हात घातले, ते आत्ता काढले." त्या हातांना कोपरापर्यंत खाडीचा काळा चिखल लागला होता.

हरबारावांनी महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले. "मला वाचवलंत, महाराज!"

महाराज म्हणाले, "मी नुसता घोटा धरला रे. चालली ती. मागे वळायला मी सांगितलं नव्हतं."

हरबाराव उठले आणि कधी कुणापुढे न वाकलेला तो माणूस येसूबाईपुढे वाकला. दोन्ही हातांनी त्यांनी तिचा उजवा पाय घट्ट धरला.

"आई गं! हळू, खोतानू," ती कळवळली, "दुखतो तो!"

हरबारावांनी हात हलका केला आणि त्या सुजलेल्या पायापुढच्या जमिनीवर कपाळ टेकले.