आधी मेकॅनिकची तपासणी

मिरजेच्या प्रभावतीबाईंच्या जुन्या गाडीचा गिअर अडकायला लागला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लकव्याने घरात बसलेले यजमान दर रविवारी त्याच गाडीतून कृष्णेच्या घाटावर जायचे. आठवडाभर त्यांना तेवढीच ओढ.

बाई गाडी घेऊन नरसिंगरावांच्या बड्या गॅरेजात गेल्या. "गिअर अडकतोय हो."

नरसिंगरावांनी खुर्चीतूनच इंजिन चालू करायला सांगितलं, क्षणभर कान दिला आणि फर्मावलं, "गिअरबॉक्स गेला. नवाच टाकावा लागेल. आवाजावरून ओळखतो मी!"

"कमाल आहे तुमच्या कानांची," बाई म्हणाल्या. "ही माझ्या भावाची गाडी, अगदी ठणठणीत आहे. माझी आजारी गाडी घरी आहे. तिला हात कुणी लावायचा, ते आधी तपासतेय."

तिथून त्या तीच गाडी घेऊन नाक्यावरच्या मुनीर मेकॅनिककडे गेल्या आणि तीच तक्रार सांगितली. त्याने गाडी दोनदा फिरवून आणली आणि ओशाळून म्हणाला, "काकू, मला तर काहीच दोष सापडत नाही. उगाच खोलत नाही. चहा तरी घ्या."

बाईंचे डोळे भरून आले. "चहा आमच्या घरी घे, बाळा. हत्यारं घेऊन चल. परवा रविवार आहे."