टाकीच्या दिवशीचं दळण

न्हाई, उपासाला साबुदाणा चालत न्हाई. देवाला चालत असंल, देवाचं मी बोलतच न्हाई. वजन उतरवायला उपास धरलाय ना तू? मग पोटाला काय चालतं ते ऐक, आणि मधी तोंड घालू नको.

एकदा एक म्हातारा मिस्त्री हुता, सत्याप्पा. गिरणीच्या दगडाला टाकी लावायचा. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडं पडतं. मग गिरणी बंद ठेवायची, वरचा दगड उचलायचा आणि छिन्नीनं नव्या रेघा पाडायच्या, ती टाकी. त्याच्या हाताखाली हिंदुराव शिकत हुता. चाळिशीचा गडी, आडवा वाढलेला, वर हर्निया. हातोडा मारला की जांघेत कळ. डॉक्टर म्हणला, आधी आठ किलो उतर, मग आपरेशन. ते न्हाई झालं तर धंदाच सुटणार हुता. म्हणून सोमवार धरला, गुरुवार धरला, दोन्ही एकादशा धरल्या. दोन महिन्यांत वजन दीड किलो वाढलं.

"आप्पा, धान्याचा कण तोंडात घेत न्हाई. तरी काटा वर का?"

"उद्या गुरुवार. टाकीला लवकर ये," एवढंच म्हातारा म्हणला.

सकाळी दाराला पाटी लावली, 'आज गिरणी बंद'. काम सुरू झालं. नऊला हिंदुरावानं डबा उघडला. खिचडी, वर मूठभर दाणे. तसं आप्पानं छिन्नी ठेवली, चेनपुलीनं दगड खाली बसवला, पट्टा चढवला आणि मूठभर वरी दळली. दगड पुन्हा वर. रेघांत बसलेलं पीठ खरडून काढलं.

अकराला हिंदुरावानं रताळं खाल्लं. आप्पानं दगड खाली घेतला, राजगिरा दळला. हिंदुराव बघतच राहिला. म्हातारं चळलं का काय? एकला भगर, आमटी, वर गोड चहा. आप्पानं शिंगाडा दळला. दिवस बुडायला आला तरी पाव दगड बी झाला न्हवता.

"आप्पा, मालक उद्या अंगावर येईल. बंद गिरणीत दळताय कशाला?"

"बंदच हाय की. पाटी वाच."

"पट्टा फिरतोय आणि बंद कसली?"

"उपासाचं दळलं रं. गहू कुठं दळला?"

"दगडाला काय कळतंय, वरी का गहू," हिंदुराव तडकला. 

"पोटाला बी कळत न्हाई," आप्पा म्हणला. "तू दारावर पाटी लावतोस, आत पट्टा दिवसभर फिरवतोस. पोट रिकामं राहिलं तर अंगावर साठलेलं काढून खाईल. तू त्याला रिकामं ठेवतोस कुठं?"

"मग घेऊ काय? हवा?"

आप्पानं दगडावर पाणी शिंपडलं आणि छिन्नी चालवली. धूळ बसली, रेघ सरळ उतरली.

"पाण्यानं टाकी अडली?"

"न्हाई."

"मग पाणी पी. बिनसाखरेचा कोरा चहा पी. चक्कर आली तर उपास तिथंच सोड. पण साखर नको, दूध नको, फळाचा रस तर न्हाईच. ज्यानं पट्टा फिरतो ते नको. आणि सुटल्यावर भाकरी-भाजी खा, दोन दिवसांचं एकदम खाऊ नको."

"आणि केळं?"

"खावंसं वाटलं तर खा की. त्या दिवसाला उपास म्हणू नको, एवढंच."

हिंदुराव रेघांतलं पीठ बोटानं काढत बसला. पुढच्या सोमवारी तो नुसता तांब्या घिऊन आला. दुपारी पोट लई वरडलं, पण त्यो कामातनं उठला न्हाई. वजन हळूहळू उतरलं, पाच महिने लागले, आणि डॉक्टरनं आपरेशनची तारीख दिली.

आता तू. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचार, तवर उपासच धरू नको. नसतील तर उद्या गुरुवार हाय. आत जा आणि साबुदाणा भिजत घालू नको म्हणून सांग. आत्ता जा.